प्रोबायोटिक आणि जनावरांची वाढ: केव्हा दिलं, किती जिवंत पोचलं?

प्रोबायोटिकच्या पाकिटावर ‘वजनवाढीसाठी’ असं ठळक छापलेलं असतं, आणि घोळ तिथेच सुरू होतो. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली केलेली व्याख्या साधी आहे: पुरेशा संख्येत दिल्यास यजमानाच्या, म्हणजे ज्याच्या शरीरात ते जातात त्याच्या, आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. वाढीचा त्यात उल्लेखही नाही. वाढ मागाहून येते. हगवण टळली, आतड्याचं अस्तर शाबूत राहिलं, खाल्लेलं अंगी लागलं, की वजन वाढतं. ज्या जनावराचं हे सगळं आधीच ठीक चाललंय, त्याला कितीही महाग पूड चारली तरी काट्यावर फारसं काही दिसत नाही.

‘कोणतं प्रोबायोटिक चांगलं?’ हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो. माझ्या लेखी तो तिसरा. पहिला प्रश्न, जनावराच्या आयुष्यातल्या नेमक्या कोणत्या दिवसांत देताय? दुसरा, पाकिटापासून आतड्यापर्यंतच्या प्रवासात त्यातले किती जिवंत राहतात? या दोन्हींची उत्तरं नीट असतील तर स्ट्रेनची, म्हणजे जिवाणूच्या जातीतल्या नेमक्या वाणाची, निवड कामी येते, नाहीतर उत्तमातला उत्तम स्ट्रेनही शेणाबरोबर बाहेर जातो.

वाढीची अपेक्षा प्रोबायोटिकला चिकटली ती अँटिबायोटिकमुळे. १९४९-५० च्या सुमारास स्टॉकस्टॅड आणि ज्यूक्स यांना क्लोरटेट्रासायक्लीन बनवताना उरणारा चोथा कोंबडीच्या पिल्लांना घातल्यावर, त्यातल्या बी-१२ जीवनसत्त्वाने होईल त्याहून जास्त वाढ दिसली. मग अनेक दशकं खाद्यात थोड्या मात्रेत अँटिबायोटिक घालण्याची रीत पडली. त्यातून औषधांना न जुमानणारे जिवाणू वाढले. स्वीडनने १९८६ मध्ये आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठीचा हा वापर पूर्ण बंद केला. रिकाम्या झालेल्या जागी प्रोबायोटिक आलं आणि त्याच्याकडून त्याच कामाची अपेक्षा सुरू झाली. पण दोघांची चाल वेगळी आहे. अँटिबायोटिक जिवाणू दाबतं, प्रोबायोटिक जिवाणू आणतं.

हा फरक किती खोल जातो हे पित्ताच्या क्षारांवरून कळतं. यकृतातून येणारे हे क्षार स्निग्ध पदार्थांचे बारीक थेंब करतात, तेव्हाच ते लहान आतड्यात शोषले जातात. लॅक्टोबॅसिलससारख्या बऱ्याच जिवाणूंकडे या क्षारांना जोडलेला अमिनो आम्लाचा भाग तोडणारं विकर (एन्झाइम) असतं. क्षार तुटला की त्याची चरबी विरघळवण्याची ताकद घटते. वाढीसाठीच्या अँटिबायोटिकच्या परिणामामागे या विकराचं काम कमी होणं हे एक कारण मानलं जातं. म्हणजे हे विकर जोरात बनवणारा लॅक्टोबॅसिलस, लहान आतड्यात आणि तेही चरबीयुक्त खाद्यावर वाढणाऱ्या पिल्लात, उलटाही जाऊ शकतो. रोगप्रतिबंधासाठी उत्तम असलेला स्ट्रेन वजनासाठी उत्तम असेलच असं नाही, ते यामुळे. ‘लॅक्टोबॅसिलस चांगला’ असं सरसकट म्हणण्याला म्हणूनच काही अर्थ नाही. जातीच्या पुढे स्ट्रेनचा क्रमांक छापलेला नसेल तर ते पाकीट बाजूला ठेवावं.

आतड्यात नेमकं काय घडतं

चांगल्या स्ट्रेनची कामं ढोबळमानाने चार. तो जागा आणि अन्न अडवतो, म्हणजे रोगकारक जिवाणूंना अस्तराला चिकटायला जागा आणि खायला साखर उरत नाही. तो लॅक्टिक आणि ॲसिटिक आम्ल बनवतो, त्याने आसपासचा पीएच उतरतो आणि ई. कोलाय, साल्मोनेला यांना ते जड जातं. काही स्ट्रेन बॅक्टेरिओसिन नावाची छोटी प्रथिनं सोडतात, जी मुख्यतः जवळच्या नात्यातल्या जिवाणूंना मारतात. पेडिओकोकसचं पेडिओसिन लिस्टेरियावर चालतं ते असंच. आणि चौथं, आतड्याच्या पेशींशी व प्रतिकारशक्तीशी होणारा संवाद: पेशींमधले सांधे घट्ट राहतात, अस्तरावर आयजीए प्रतिपिंडं जास्त येतात.

याहून महत्त्वाची वाटते ती एकाच्या उष्ट्यावर दुसऱ्याचं पोट भरण्याची साखळी. लॅक्टोबॅसिलसने बनवलेलं लॅक्टिक आम्ल मोठ्या आतड्यातले दुसरे जिवाणू खातात आणि ब्युटिरेट बनवतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या पेशींचं आवडतं इंधन. म्हणून प्रोबायोटिक दिल्यावर तपासणीत त्याचा स्वतःचा वाटा नगण्य दिसतो, पण ब्युटिरेट वाढलेलं असतं, असं होऊ शकतं. बॅसिलस या दुसऱ्या प्रोबायोटिक जिवाणूचं आणखी एक आहे: त्याचे काही स्ट्रेन प्रोटिएज, अमायलेज, झायलनेज अशी विकरं सोडतात आणि खाद्यातला न पचणारा भाग थोडा कमी करतात.

वाढीशी नातं इथे जुळतं. आतड्याचं वजन शरीराच्या मानाने थोडं असलं तरी त्याची भूक मोठी असते. तिथल्या पेशी काही दिवसांतच बदलल्या जातात, त्यासाठी प्रथिन लागतं, ऊर्जा लागते. दाह असेल तर हा खर्च आणखी चढतो, शिवाय ताप आला की जनावर खाणंच कमी करतं. प्रोबायोटिकने हा खर्च वाचवला तर वाचलेलं मांसात किंवा दुधात जातं. पण वाचवायला आधी खर्च होत असावा लागतो. स्वच्छ गोठा, कमी गर्दी, समतोल खाद्य असलेल्या कळपात फरक शून्याच्या जवळ येतो आणि गलिच्छ, ताणाखालच्या कळपात तो ठळक दिसतो, त्याचं कारण हेच. एकाच उत्पादनाचे दोन चाचण्यांत दोन निकाल आले म्हणून कुणी खोटं बोलतंय असं समजू नये.

आणखी एक गोष्ट मनात पक्की असावी: बहुतेक प्रोबायोटिक आतड्यात घर करत नाहीत. देणं थांबवलं की काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत, विष्ठेतून दिसेनासे होतात. प्रौढ जनावराच्या आतड्यात आधीच तयार वस्ती असते आणि उभ्या पिकात बी फेकलं तर जे होतं तेच तिथे होतं. त्यामुळे प्रौढ जनावरात ते रोज द्यावं लागतं. खरी संधी असते ती वस्ती बसायच्या आधी, किंवा विस्कटल्यावर लगेच.

संधीचे दिवस

कोंबडीचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा त्याच्या आतड्यात जिवाणू जवळपास नसतातच. दोन-तीन दिवसांत सीकममध्ये, म्हणजे आंधळ्या आतड्यात, दर ग्रॅमला अब्जावधी होतात. हॅचरीत आई नसते. पहिले जिवाणू येतात ते कवचावरून, यंत्रातल्या धुळीतून, हाताळणाऱ्यांच्या हातांवरून, वाहतुकीच्या खोक्यातून. फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी १९७३ मध्ये दाखवलं की निरोगी प्रौढ कोंबडीच्या आतड्यातला ऐवज नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना दिला तर साल्मोनेला इन्फँटिस त्यांच्यात सहजी बसत नाही. स्पर्धेने रोगजंतू बाहेर ठेवण्याची कल्पना तिथून रुजली. व्यवहारात याचा अर्थ असा की पहिली मात्रा पिल्लू फार्मवर पोचण्याआधी, हॅचरीतच, फवाऱ्याने किंवा जेलच्या थेंबांनी द्यावी. पिल्लं एकमेकांच्या अंगावरचे थेंब टिपतात आणि मात्रा पोटात जाते. थेंब ठळक हवेत. धुक्यासारखा बारीक फवारा पिल्लांना गारठवतो आणि श्वासातही जातो. हॅचरीत जमलं नाही तर फार्मवरच्या पहिल्या पाण्यात द्यावं. दुसऱ्या आठवड्यात सुरू करून ‘काही फरक पडला नाही’ म्हणणं त्या उत्पादनावर अन्याय आहे.

ब्रॉयलरमध्ये दुसरा नाजूक काळ साधारण दोन ते पाच आठवड्यांचा, नेक्रोटिक एन्टेरायटिसचा, म्हणजे आतड्याचं अस्तर सडवणाऱ्या रोगाचा. तो करणारा जिवाणू क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स एरवीही आतड्यात थोडाफार असतो. कॉक्सिडिया या परजीवीने अस्तर फाडलं, किंवा खाद्यात फिशमील जास्त झालं, किंवा गहू-बार्लीने आतड्यातला लगदा चिकट झाला, की त्याला आयती मेजवानी मिळते आणि तो नेटबी नावाचं विष सोडतो. बॅसिलसचे काही स्ट्रेन क्लॉस्ट्रिडियमला दाबतात, पण कॉक्सिडिया मोकाट असेल तर ते पुरे पडत नाहीत. आधी कॉक्सिडियाचा बंदोबस्त आणि कोरडं लिटर (शेडमधलं अंथरूण), मग प्रोबायोटिक.

डुकराच्या पिल्लांत संकटाचे दिवस म्हणजे दूध तुटल्यानंतरचे. २१ ते २८ दिवसांचं पिल्लू आईपासून दूर होतं, अनोळखी पिल्लांत मिसळतं, दुधाऐवजी कोरडं खाद्य समोर येतं. एक-दोन दिवस ते नीट खातच नाही. उपाशी आतड्याचे, अन्न शोषणारे बारीक अंकुर आखूड होतात, मग भूक लागल्यावर एकदम खाल्लेलं प्रथिन न पचता पुढे जातं आणि एफ-४ किंवा एफ-१८ प्रकारचा ई. कोलाय त्यावर पोसतो. इथे औषधी मात्रेत झिंक ऑक्साइड घालायची सवय होती, ती युरोपीय संघात जून २०२२ पासून बंद झाली. प्रोबायोटिक वापरायचं तर दूध तोडण्याच्या दिवशी सुरू करण्यात उशीर झालेला असतो. आठवडाभर आधी पिल्लांच्या सुरुवातीच्या खाद्यातून द्यावं. त्याहून चांगलं म्हणजे विण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून मादीच्या खाद्यात बॅसिलसचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक, सुप्त रूपं, घालणं. पिल्लं आईची विष्ठा हुंगतात, चाटतात, आणि पहिली वस्ती तिथूनच उचलतात.

वासराच्या बाबतीत एक गोष्ट सगळ्यांच्या आधी: चीक. जन्मल्यावर पहिल्या दोन तासांत, वजनाच्या सुमारे दहा टक्के. आतड्यातून प्रतिपिंडं थेट रक्तात जाण्याची सोय सहा तासांनंतर झपाट्याने घटते आणि दिवसाभरात बंद होते. ही खिडकी हुकली तर प्रोबायोटिक ती भरून काढत नाही. चीक वेळेवर मिळाला असेल तर पहिल्या दिवसापासून तीन आठवडे लॅक्टोबॅसिलस किंवा एन्टरोकोकस दुधातून द्यावा, कारण हगवणीचे दिवस हेच असतात: पहिल्या तीन-चार दिवसांत के-९९ ई. कोलाय, त्यानंतर रोटाव्हायरस आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी. दूध ३८ ते ४० अंशांवर आल्यावरच पूड मिसळायची. उकळत्या दुधात टाकली की ती निव्वळ पूड. हगवण लागल्यावर मात्र पहिलं काम क्षार आणि पाणी भरून काढण्याचं. डोळे खोल गेलेलं, कातडी चिमटीत धरून सोडल्यावर उभी राहणारं वासरू प्रोबायोटिकच्या भरवशावर ठेवणं म्हणजे त्याचा जीव घालवणं आहे. दूध चोखण्याची ताकद नसेल तर पशुवैद्याकडून शिरेतून सलाइनच लागतं.

प्रौढ गाय-म्हैस हा वेगळाच विषय, कारण तिथे आतड्याच्या आधी कोठीपोट आहे. तिथे पुरेशी संख्या टिकवायला लॅक्टोबॅसिलसपेक्षा जिवंत यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, जास्त उपयोगी. चारा, पाणी आणि लाळेबरोबर कोठीपोटात थोडा ऑक्सिजन शिरतो. तिथले चारा पचवणारे जिवाणू ऑक्सिजन सहन करत नाहीत. यीस्ट तो ऑक्सिजन ओढून घेतं आणि लॅक्टिक आम्ल खाणाऱ्या मेगास्फेरा एल्सडेनी, सेलेनोमोनास रुमिनँटियम या जिवाणूंना जीवनसत्त्वं आणि सेंद्रिय आम्लं पुरवतं. लॅक्टिक आम्ल साचत नाही, पीएच फार घसरत नाही. ३९ अंशांच्या कोठीपोटात यीस्ट स्वतः वाढत नाही, दिवसभरात मरतं किंवा पुढे वाहून जातं, म्हणून ते रोज लागतं. मात्रा दिवसाला साधारण १० ते २० अब्ज सीएफयू (जिवंत पेशी मोजायचं एकक). सुरुवात विण्याच्या दोन-तीन आठवडे आधी करावी, म्हणजे विल्यावर खुराक वाढवताना कोठीपोट तयार असतं. खरेदी करताना ‘लाइव्ह यीस्ट’ आणि ‘यीस्ट कल्चर’ यांतला फरक पाहा. दुसऱ्यात बहुतांशी मेलेलं यीस्ट आणि ते वाढवलेलं माध्यम असतं. त्याचाही उपयोग असतो, पण त्याची सीएफयूत तुलना करू नये.

खुराक जास्त आणि चारा कमी किंवा फार बारीक असेल तर कोठीपोटातला पीएच रोज काही तास ५.६ च्या खाली जातो. निवांत बसलेल्या गाईंपैकी निम्म्याही रवंथ करत नसतील, शेण पातळ आणि त्यात दाणे, दुधाचं फॅट उतरलेलं, खाणं एक दिवस जास्त एक दिवस कमी, ही त्याची लक्षणं. यीस्ट इथे मदत करतं, पण लांब धाग्याचा चारा वाढवल्याशिवाय प्रश्न सुटत नाही.

मासे-कोळंबीत बॅसिलस खाद्यावर लावून आणि पाण्यात सोडून असा दोन्ही प्रकारे देतात, हेतू व्हिब्रिओ या रोगकारक जिवाणूला मागे रेटणं. खाद्यावर चिकटवायला बाइंडर लावून सावलीत अर्धा तास सुकवावं, नाहीतर पाण्यात पडताच धुऊन जातं. पाण्यात टाकायचं तर सकाळी ऊन चढल्यावर, एरेटर चालू ठेवून, कारण वाढणारा बॅसिलस ऑक्सिजन खातो आणि पहाटे पाण्यातला ऑक्सिजन आधीच सगळ्यात कमी असतो.

किती जिवंत पोचतात

मात्रेचा हिशोब सोपा आहे, फक्त तो पाकिटाच्या वजनावर न करता जिवंत पेशींवर करायचा. सीएफयू म्हणजे वसाहत तयार करू शकणारं एक जिवंत एकक. समजा खाद्याच्या दर किलोला १ अब्ज सीएफयू हवेत. एका टनाला १,००० अब्ज. पुडीत दर ग्रॅमला १० अब्ज असतील तर टनाला १०० ग्रॅम. साठवणीत निम्मे मेले असतील तर त्याच कामाला २०० ग्रॅम. आणि मिश्र पुडीत सात जाती मिळून १० अब्ज असतील तर उपयोगी जातीच्या वाट्याला काय येतं, ते उत्पादकाला विचारावं. लांबलचक यादी दिसली की मला संशय येतो.

१०० ग्रॅम एका टनात थेट ओतू नये. आधी ते एक किलो बारीक भरड्यात मिसळा, मग ते दहा किलोत, मग ते मिक्सरमध्ये खाद्य फिरत असताना मध्यावर सोडा आणि मिक्सर ठरलेला पूर्ण वेळ चालू द्या. खनिज मिश्रणाच्या पोत्यात प्रोबायोटिक आधीच घालून महिनोन्‌महिने ठेवणं ही नेहमीची चूक. कॉपर सल्फेट, झिंक आणि ओलावा ओढणारं कोलीन क्लोराइड यांच्या शेजारी लॅक्टोबॅसिलस आणि यीस्ट फार तग धरत नाहीत. ही पूड वेगळ्या डब्यात, कोरडी, २५ अंशांच्या आत ठेवावी. बीजाणू नसलेले लॅक्टोबॅसिलस फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांवर. उघडलेल्या पाकिटाला ओल लागली की पेशी जाग्या होतात, खायला काही नसतं, आणि मरतात. पूड गोळे धरू लागली असेल तर ती फेकावी.

पेलेट बनवताना वाफेने खाद्य ७० ते ९० अंशांपर्यंत जातं. बॅसिलसचे बीजाणू यातून बहुतांशी निभावतात. उघडे लॅक्टोबॅसिलस आणि यीस्ट नाही. १ अब्जमधले ९९.९ टक्के मेले तर हाती उरतात १० लाख, म्हणजे मात्रेचा हजारावा भाग. त्यांना पेलेट थंड झाल्यावर तेलाबरोबर वरून फवारा, किंवा आवरण चढवलेलं उत्पादन घ्या, किंवा पाण्यातून द्या.

पाण्यातून देताना शत्रू क्लोरीन. आदल्या दिवशीच क्लोरीन बंद करावं. तरी उरलेलं मारायला दर लिटरला अडीच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर घालून १५-२० मिनिटं थांबावं आणि मगच पूड विरघळवावी. तीन-चार तासांत संपेल एवढंच पाणी तयार करावं. या दुधाने निपल आणि नळ्यांत चिकट थर धरतो आणि त्यात नको ते जिवाणू माजतात, म्हणून काम झालं की लाइन स्वच्छ पाण्याने जोरात धुवावी. रोज द्यायचं असेल तर दुधाऐवजी सोडियम थायोसल्फेट बरं. पाण्यात आम्ल किंवा जंतुनाशक चालू असताना प्रोबायोटिक सोडणं म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेणं.

अँटिबायोटिकचा कोर्स चालू असेल तर जिवाणू असलेलं प्रोबायोटिक थांबवून कोर्स संपताच सुरू करावं आणि किमान दोन आठवडे द्यावं. वस्ती विस्कटलेली असते, जागा रिकामी असते, ही देण्याची अगदी योग्य वेळ. यीस्टवर जिवाणूविरोधी औषध चालत नाही, ते कोर्समध्येही देता येतं. मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन ही कॉक्सिडियाविरोधी औषधं ग्राम-पॉझिटिव्ह जिवाणूंना लागतात, आणि बहुतेक प्रोबायोटिक त्याच गटातले. निवडलेला स्ट्रेन त्या औषधाबरोबर चालतो का, हे उत्पादकाकडून लेखी घ्यावं.

पाकिटात खरोखर किती आहेत हे साधी सूक्ष्मजीव प्रयोगशाळा करून देते. एक ग्रॅम पूड नऊ मिली निर्जंतुक सलाइनमध्ये ढवळायची, त्यातला एक मिली पुढच्या नऊ मिलीत, असं सात नळ्यांपर्यंत. सातव्या नळीतला ०.१ मिली प्लेटवर पसरायचा. लॅक्टोबॅसिलसला एमआरएस अगर हे माध्यम, ३७ अंश, ४८ तास, हवेशिवाय. यीस्टच्या प्लेटमध्ये क्लोरॅम्फेनिकॉल असतं म्हणजे जिवाणू उगवत नाहीत. बॅसिलससाठी नमुना आधी ८० अंशांवर १० मिनिटं ठेवतात, मग उगवतील ते फक्त बीजाणूंतून आलेले. समजा ४२ वसाहती दिसल्या. ०.१ मिली घेतला म्हणून दहाने गुणा, सातव्या नळीची पातळता १ कोटी पट म्हणून १ कोटीने गुणा. ४२० कोटी, म्हणजे दर ग्रॅमला ४.२ अब्ज. लेबलवर १० अब्ज असतील तर पाकिटातले निम्मेही जिवंत नाहीत. ३० पेक्षा कमी किंवा ३०० पेक्षा जास्त वसाहतींची प्लेट मोजू नये, दुसऱ्या नळीची घ्यावी.

सुरक्षिततेबद्दल एवढं तरी पाहाच: त्या स्ट्रेनमध्ये दुसऱ्या जिवाणूंकडे जाऊ शकणारी औषधप्रतिकाराची जनुकं नाहीत, हे तपासलेलं असावं. एन्टरोकोकसमध्ये हा प्रश्न विशेष, कारण याच कुळात व्हँकोमायसिनला न जुमानणारे स्ट्रेन आहेत. अँटिबायोटिकला पर्याय म्हणून आणलेल्या वस्तूनेच प्रतिकार पसरवला तर सगळा खटाटोप वाया.

फरक पडला हे कसं ओळखायचं

जिवाणूंच्या जनुकीय तपासणीचे अहवाल हल्ली सहज मिळतात आणि सहज चुकीचे वाचले जातात. १६एस पद्धत, म्हणजे एका जनुकावरून जिवाणू ओळखणारी तपासणी, टक्केवारी सांगते, संख्या नाही. आधी दर ग्रॅमला १०० कोटी जिवाणू, त्यांत लॅक्टोबॅसिलस १० कोटी, म्हणजे १० टक्के. नंतर एकूण ५० कोटी उरले, लॅक्टोबॅसिलस तेवढेच, तर अहवालात २० टक्के. ‘दुप्पट झाले’ असं म्हटलं जाईल, वाढला मात्र एकही नाही. एकूण संख्या वेगळी मोजलेली नसेल तर असा आलेख पाहून पैसे खर्चू नयेत. शिवाय विष्ठेतली वस्ती ही मुख्यतः मोठ्या आतड्याची. लहान आतड्यात, जिथे बहुतेक पचन आणि शोषण होतं, तिथलं चित्र वेगळं असू शकतं.

काटा जास्त खरं बोलतो, पण तोलणं नीट हवं. गेल्या बॅचशी तुलना निरुपयोगी: हवा, पिल्लं, खाद्य, सगळंच बदललेलं असतं. एकाच वेळी, एकाच शेडमध्ये कप्पे करा, निम्म्यांना प्रोबायोटिक, निम्म्यांना तोच भरडा पण जिवाणूंशिवाय. कोणत्या कप्प्याला काय ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. मोजणीचं एकक कप्पा असतो, पक्षी नव्हे. दोन कप्प्यांत पाचशे-पाचशे पक्षी ठेवले तरी ती एकास एक अशीच तुलना राहते. प्रत्येक बाजूला सहा-आठ कप्पे हवेत. आणि प्रोबायोटिक नसलेल्या कप्प्यांत आधी जायचं, हात-बूट धुऊन, कारण बीजाणू पायांबरोबर पलीकडे पोचतात आणि दोन्ही गट सारखे होऊन बसतात.

मेलेल्या पक्ष्याचा हिशोब विसरला की काय होतं ते पाहा. कप्प्यात २० पिल्लं, सुरुवातीचं एकूण वजन ०.८४ किलो. एक पक्षी १.२ किलोचा असताना मेला. शेवटी १९ पक्षी मिळून ४३.७ किलो, खाद्य संपलं ७२ किलो. मेलेला सोडून दिला तर वाढ ४२.८६ किलो आणि खाद्य रूपांतर, म्हणजे किलोभर वाढीला लागलेलं खाद्य, १.६८. त्याचं वजन धरलं तर वाढ ४४.०६ आणि रूपांतर १.६३. हा ०.०५ चा फरक नुसत्या हिशोबाचा आहे, आणि प्रोबायोटिककडून जो फरक अपेक्षित असतो तोही अनेकदा याच मापाचा. म्हणून पक्षी मेला की त्याच दिवशी वजन करून तारखेसह लिहायचं, आणि सांडलेलं खाद्य वेगळं तोलायचं.

वजनाबरोबर विष्ठेची नोंद ठेवा: घट्ट, मऊ, पातळ, पाण्यासारखी, असे चार दर्जे पुरेत, रोज एकाच माणसाने आणि एकाच वेळी. वासरांत आणि डुकरांच्या पिल्लांत फरक बहुधा इथे आधी दिसतो, काट्यावर नंतर. प्रत्येक बॅचच्या पुडीतून ५० ग्रॅम हवाबंद डबीत, तारीख आणि बॅच क्रमांक लिहून, फ्रीजमध्ये ठेवा. निकाल अपेक्षेसारखा आला नाही तर आधी त्या डबीतल्या पुडीची प्लेट लावा, आणि शेडमध्ये उघड्या राहिलेल्या पाकिटातल्या पुडीचीही. पहिलीत संख्या भरपूर आणि दुसरीत तुटपुंजी असेल तर दोष साठवणीचा. दोन्हींत कमी असेल तर माल बदला. दोन्हींत पुरेशी असेल, मिसळणं आणि पाणी यांतही चूक नसेल, तर त्या कळपाला या स्ट्रेनची गरज नव्हती असं धरून तो पैसा चाऱ्यावर किंवा स्वच्छतेवर लावा.